कापसाच्या गंजीशेजारची बॅटरी

मागच्या दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातल्या एका गावात छपरीत चार्जिंगला लावलेली विजेची स्कूटर रात्री दोनच्या सुमारास पेटली. घरची माणसे मागच्या दाराने बाहेर पडली म्हणून वाचली. स्कूटर, छपरीची लाकडे आणि लगतच्या खोलीत भाव वाढण्याची वाट पाहत ठेवलेला कापूस मात्र गेला. दुसऱ्या दिवशी त्या आगीचे चित्रण मोबाइलवर फिरू लागले आणि आठवडी बाजारापासून तहसीलच्या आवारापर्यंत एकच वाद रंगला. एका पक्षाचे म्हणणे असे, की लिथियम म्हणजे दारात बांधून ठेवलेला सुतळी बॉम्ब. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की पेट्रोलच्या गाड्या याहून जास्त पेटतात, तेव्हा ही सगळी ओरड अडाण्यांची आहे. त्याच आठवड्यात माझ्या एका परिचिताने आपल्या मोटारसायकलीत बसवलेली लिथियमची छोटी सेल्फ-स्टार्टची बॅटरी भीतीपोटी काढून टाकली आणि जुनी ॲसिडची बॅटरी पुन्हा बसवली. त्याच्याच शेजाऱ्याने आपली विजेची स्कूटर मात्र नेहमीप्रमाणे कापसाच्या खोलीच्या दाराशीच चार्जिंगला लावली. ज्याला भिण्याचे फारसे कारण नव्हते तो भ्याला, आणि ज्याने सावध व्हायचे तो निर्धास्त राहिला. वाद चुकीच्या रीतीने घातला की असेच होते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. मोटारसायकलीत आणि स्कूटरमध्ये लिथियम बॅटरी वापरण्यासारखी आहे, आणि आमच्यासारख्या उष्ण, धुळीच्या, लांब अंतरांच्या मुलखात तर तिचे काही गुण शिशाच्या बॅटरीपेक्षा निश्चित सरस आहेत. परंतु ज्या पॅकवर, म्हणजे अनेक सेल जोडून बांधलेल्या बॅटरीवर, आतल्या रसायनाचे नाव, बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक नाही, ज्याची पावती नाही आणि ज्याचा चार्जर त्याच्यासाठी बनलेला नाही, तो पॅक घरात ठेवण्याच्या लायकीचा नाही. धोका लिथियममध्ये जितका आहे त्याहून अधिक या निनावीपणात आहे, आणि खेड्यात पोचणारा माल बहुतेक वेळा निनावीच असतो.

आधी एका शब्दाखाली लपलेल्या दोन वस्तू वेगळ्या करू. मोटारसायकलीची सेल्फ-स्टार्टची लिथियम बॅटरी ही १२ व्होल्टची, मुठीएवढी वस्तू असते. तिच्यात साठणारी ऊर्जा ५० वॅट-तासांच्या आसपास. विजेच्या स्कूटरचा पॅक २ ते ४ किलोवॅट-तासांचा, म्हणजे त्या छोट्या बॅटरीच्या चाळीस ते ऐंशी पट. एकीला गाडीचे इंजिन चालता चालता चार्ज करते. दुसरी रात्रभर घरातल्या सॉकेटला लागलेली असते. या दोन्हींना 'लिथियम' म्हणून एकाच तराजूत घालणे म्हणजे विडीची ठिणगी आणि गंजीची आग यांना अग्नी म्हणून सारखेच लेखणे.

शिवाय लिथियम हे काही एकच रसायन नव्हे. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आली तेव्हा तिच्या धन ध्रुवात कोबाल्टचे ऑक्साइड होते. आज वाहनांत प्रामुख्याने दोन कुळे दिसतात: निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे मिश्रण असलेले एनएमसी, आणि लोह-फॉस्फेटचे एलएफपी. दुसरे कूळ १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. त्यांनाच पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल इतर दोघांसोबत मिळाले. फरक असा, की एनएमसीचा सेल अतिशय तापला की त्याच्या धन ध्रुवातूनच ऑक्सिजन सुटू लागतो, म्हणजे आग आपला वारा आपल्याबरोबरच घेऊन येते. वरून माती टाकून ती कोंडता येत नाही. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असल्याने तो सहजी सुटत नाही. म्हणून ते पेटतच नाही का? पेटते. त्याच्यातला द्रावही ज्वालाग्राहीच असतो आणि त्यातून निघणारा वायूही. पण ते उशिरा बिघडते, बिघडले तर कमी उष्णता सोडते, आणि चार्जिंगची आवर्तनेही अधिक सोसते. चांगल्या दर्जाच्या सेल्फ-स्टार्टच्या लिथियम बॅटऱ्या बहुतेक याच कुळातल्या असतात, कारण ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात आणि हा आकडा जुन्या शिशाच्या बॅटरीच्या जवळ बसतो. माझ्या परिचिताने काढून टाकलेली बॅटरी अशीच होती.

आता तिच्या भरवशाबद्दल, कारण या बाजूने कोणी बोलतच नाही. २०२० मध्ये भारत स्टेज ६ हे धुराचे मानक आल्यापासून साध्या शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांतही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोलचा पंप चालवायलाही वीज लागते. पूर्वी बॅटरी मेली तरी किक मारून किंवा उतारावर धक्का देऊन फटफटी घरी आणता येत होती. आता बॅटरी पूर्ण बसली तर ते जमेलच असे नाही. संध्याकाळी शेतातून परतताना, गाव आठ किलोमीटर आणि रस्त्यावर रानडुकरांचा वावर, अशा वेळी बॅटरीचा भरवसा ही चैनीची बाब राहत नाही. शिशाची बॅटरी येथे एक उपकार करते: मरण्याआधी ती सांगते. हॉर्नचा आवाज बसतो, सेल्फ कण्हतो, दिवा पिवळा पडतो. एलएफपीची बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असो की तीस टक्के, व्होल्टमीटरवर जवळपास तोच आकडा दाखवते आणि मग एके दिवशी मान टाकते. हा तिचा खरा दोष आहे आणि तो विकताना कोणी सांगत नाही. पण याच बॅटरीला महिनाभर उभ्या गाडीत ठेवली तरी ती स्वतःहून फारशी उतरत नाही, तर शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पेरणीच्या घाईत दोन महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला यातली कोणती सोयीची?

एक अट मात्र आहे, आणि तिच्यावर सगळे अवलंबून आहे. चार सेलच्या एलएफपी बॅटरीला १४.६ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या मोटारसायकलीचा रेग्युलेटर बिघडला की तो पंधरा-सोळा व्होल्टही सोडतो. शिशाची बॅटरी हे सोसते; ती उकळते, पाणी आटवते, कुरकुरत का होईना चालत राहते. लिथियमच्या बॅटरीत तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने वीज तोडली तर गाडी बंद पडते, आणि ते सर्किट नसेलच तर सेल फुगतो. तेव्हा लिथियम बॅटरी बसवण्याआधी इंजिन रेसवर ठेवून मीटर लावून पाहावे आणि १४.६ च्या वर काटा जात असेल तर आधी रेग्युलेटर बदलावा. हे पाच मिनिटांचे काम आहे. बॅटरीच्या दुकानात ते किती जण करतात? बहुतेक दुकानांत आजही एकच मोठा चार्जर असतो, त्यावर सहा बॅटऱ्या रांगेत लावतात आणि 'सकाळी घेऊन जा' म्हणतात. शिशाच्या बॅटरीला ही रीत पन्नास वर्षे चालली. लिथियमला ती चालत नाही.

आता पेट्रोलच्या तुलनेकडे वळू. लिथियमचे समर्थक जे सांगतात त्यात तथ्य नाही असे नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ किलोवॅट-तासांइतकी ऊर्जा असते. म्हणजे तीन किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये साठलेली वीज पाव-अर्ध्या लिटर पेट्रोलच्या तोडीची. आपण दहा लिटरची टाकी मांड्यांमध्ये धरून, त्यावर पोराला बसवून, चाळीस वर्षे बाजाराला गेलो आहोत. बाटलीत पेट्रोल आणून घरात ठेवणारी माणसेही पुष्कळ आहेत. तरीही हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. पेट्रोलची गाडी पेटते ती बहुधा चालताना, अपघातात किंवा वायरिंग जळून, आणि बहुधा रस्त्यावर, माणूस जागा असताना. लिथियमचा पॅक बिघडतो तेव्हा तो चार्जिंगला लागलेला असण्याची, म्हणजे घरात आणि रात्री असण्याची शक्यता मोठी असते. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. दर लाख गाड्यांमागे किती आगी लागल्या हे मोजून भागत नाही. आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता, हेही मोजावे लागते.

आणि आमच्याकडे हे 'कुठे' फार गंभीर आहे. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंतही, एखादी खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते. बाहेर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग, गोठ्यात कुटार. ज्या कापसापायी घरातली पोरे अंग खाजवत झोपतात, त्या कापसाच्या दोन हातांवर प्लगचा बोर्ड असतो, कारण घरात तो एकच बोर्ड धड असतो. अग्निशामक गाडी नगरपरिषदेच्या ठिकाणी, तीस-चाळीस किलोमीटरवर. अर्थिंग म्हणून पुरलेला सळईचा तुकडा केव्हाच गंजलेला. वीज गेली की दोन तासांनी परत येते ती झटका देत येते. वर मे महिन्याचे ऊन: चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून अधिक. लिथियमला विरोध करणाऱ्यांचे सर्वांत बळकट मुद्दे हे आहेत, आणि मी ते मान्य करतो. शहरातल्या पार्किंगमध्ये सुरक्षित ठरलेली वस्तू आमच्या छपरीत तितकीच सुरक्षित असेल, असे गृहीत धरता येत नाही.

उष्णतेबाबत मात्र एक गैरसमज आहे. उन्हाने बॅटरी पेटते असे सरसकट सांगितले जाते. सेलच्या आतला बिघाड साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे सुरू होतो आणि दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा एकशे तीस अंशांच्या आसपास वितळतो. सेचाळीस अंशांचे ऊन तेथवर पोचत नाही. ऊन पेटवत नाही, पण ते सेलला म्हातारे करते. भर दुपारी वीस किलोमीटर चालवून आणलेल्या स्कूटरचा पॅक आतून आधीच तापलेला असतो. त्याला आल्या आल्या चार्जिंगला लावले, की त्याचे वय झपाट्याने वाढते, आणि म्हाताऱ्या, असमान झालेल्या सेलच्या पॅकवर निष्काळजी चार्जर लागला म्हणजे मग अपघाताला जागा होते. बैल औताहून आला की त्याला लगेच पाणी पाजत नाहीत, हे ज्याला कळते त्याला बॅटरी थोडी निवू द्यावी हे समजायला अवघड नाही.

तर मग पॅक पेटतात कशाने? २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर विजेच्या स्कूटर पेटल्या. नाशिकमध्ये तर कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीसपैकी वीस स्कूटर एकदम जळाल्या. केंद्र सरकारने चौकशी केली तेव्हा सेल, पॅकची बांधणी आणि बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट, यांतले दोष समोर आले. त्यानंतर विजेच्या दुचाकींना लागू असलेले एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पॅकमध्ये पाणी शिरते का, एका सेलची आग शेजारच्या सेलकडे पसरते का, यांच्या चाचण्या त्यात आल्या. सेल कोठून आला याचा माग ठेवणे आले. नवीन, नोंदणीकृत गाडीपुरते हे समाधानकारक आहे. पण ती गाडी चार वर्षांची होऊन तिचा पॅक बदलायची वेळ येते तेव्हा काय होते?

तेव्हा ती तालुक्याच्या दुकानात येते. मूळ पॅकची किंमत ऐकून शेतकरी परततो आणि कोणीतरी 'बांधून देतो' म्हणतो. मी अशी बांधणी बसून पाहिली आहे. अठरा मिलिमीटर जाडीचे आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचे गोल सेल, त्यांतले काही जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, निकेलच्या पट्टीने जोडून, वर निळी पन्नी गुंडाळून पॅक तयार होतो. त्या पन्नीवर कोणाचे नाव नसते. आठवड्याने गाडी चढावर बंद पडते, कारण एखादा अशक्त सेल पाहून बीएमएसने वीज तोडलेली असते. ग्राहक तक्रार घेऊन येतो. 'बीएमएस कट मारते' असे म्हणून दुकानदार ते सर्किटच बाजूला काढतो आणि वायर थेट जोडून देतो. गाडी पळते, ग्राहक खूश होतो.

ही गोष्ट आपण यापूर्वी पाहिलेली नाही का? डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार कोण बांधते? आपणच. फ्यूज उडत होता कारण लाइनवर मोटारी जास्त होत्या. तार बांधली, फ्यूज उडायचा थांबला आणि एके दिवशी डीपीच जळाली. आणखी जवळचे उदाहरण कुंपणाचे आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरे आवरण्यासाठी बॅटरीवरचे झटका मशीन लावले तर तारेतून क्षणभराचा ठोका येतो आणि जनावर पळते. त्याच तारेला थेट लाइनचा आकडा टाकला तर सकाळी बांधावर माणूस मेलेला सापडतो. तार तीच, खांब तेच. मधले वीज मोजून देणारे यंत्र काढून टाकले एवढाच फरक, आणि त्यापायी आमच्या भागात माणसे गेली आहेत. तरी तारेच्या कुंपणावरच बंदी घाला, असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही.

इतिहासही हेच सांगतो. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत वाफेचे बॉयलर आले तेव्हा तेही फुटण्याजोगेच यंत्र होते. त्याचा उपाय वाफ सोडून देणे हा नव्हता. १९२३ च्या बॉयलर कायद्याने प्रत्येक बॉयलरची नोंदणी सक्तीची केली, त्यावर नोंदणीचा क्रमांक कोरायला लावला, ठरावीक मुदतीने तपासणी ठेवली आणि तो चालवायला प्रमाणपत्र असलेला माणूस लागेल असे ठरवले. लोखंडाच्या त्या पिंपाला नाव मिळाले, आणि नाव असलेल्या वस्तूबद्दल जाब विचारता येतो. आमच्या छपरीतल्या निळ्या पन्नीच्या पॅकला जाब कोणी आणि कोणाला विचारायचा?

कायद्यातच एक भगदाड आहे, तेही सांगितले पाहिजे. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या विजेच्या दुचाकीला नोंदणी लागत नाही. नंबर प्लेट नाही, परवाना नाही, विम्याची सक्ती नाही. हेतू चांगला होता. पण अशी गाडी दुकानातून बाहेर पडताना तिची एक वायर काढली की ती कागदोपत्री पंचवीसची आणि रस्त्यावर चाळीसची होते, आणि तिच्या पॅकमधून ज्या प्रमाणात वीज ओढली जावी असे ठरले होते त्याहून अधिक ओढली जाते. खेड्यात ही गाडी खपते, कारण ती स्वस्त.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. तुम्ही पावती, शिक्का आणि अनुक्रमांक मागाल तर गरीब माणसाची गाडी कायमची बंद पडेल. कंपनी दुरुस्त करून देत नाही, सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि गावातला कारागीर हाच त्याचा आधार. हे खरे आहे. बियाण्याच्या बाबतीत आपण याचा अनुभव घेतला आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, पुढे तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला मिळाली नाही, आणि लोकांना ते हवे होते म्हणून विनापावतीच्या पाकिटातले चोरबीटी घरोघर आले. उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करायची, कारण पाकीटच नव्हते. नुसती बंदी निनावी माल संपवत नाही, उलट वाढवते. म्हणूनच कारागिराला हाकलून द्या असे मी म्हणत नाही. त्याने मीटर लावावे, सारख्या क्षमतेचे नवे सेल वापरावेत, बीएमएस काढू नये आणि आपण बांधलेल्या पॅकवर आपले नाव व तारीख घालावी, इतकी अपेक्षा ठेवा. आणि त्याच्या बदल्यात गाडी बनवणाऱ्याला सुटे सेल, सर्किटची माहिती आणि योग्य चार्जर रास्त दरात तालुक्यापर्यंत पोचवायला भाग पाडा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग चालतो तेथे पॅक दुरुस्तीचाही चालू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीच आहे. जो परत घ्यायला बांधलेला आहे, त्याला दुरुस्तीचा रस्ता मोकळा ठेवायला सांगणे फार अवघड नसावे.

दुसऱ्या बाजूचेही एक म्हणणे ऐकू येते: लोकांनीच काळजी घ्यावी, रात्री चार्जिंग करू नये, घरात करू नये. सल्ला योग्य आहे आणि मी स्वतः तो पाळतो. आमची स्कूटर गोठ्याबाहेर कडुलिंबाखाली, संध्याकाळी निवल्यावर, माणूस जागा असेतोवरच चार्जिंगला असते. पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकण्याची सवय मला संशयास्पद वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही पहिले बोट दाखवले गेले ते त्यांनी तोंडाला फडके बांधले नाही याकडे. कोणते औषध कोणत्या औषधात मिसळून कोणी विकले, हा प्रश्न मागून आला. रोजंदारीचा माणूस दिवसभर गाडी वापरणार आणि रात्रीच चार्ज करणार, हे गाडी विकणाऱ्याला ठाऊक असते. रात्री न चार्ज करण्याच्या अटीवर सुरक्षित असलेली वस्तू त्याला विकलीच कशी?

जळालेल्या त्या घरी मी नंतर जाऊन आलो. पॅक कोणाचा होता, असे विचारले. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, बॅटरी गेल्या वर्षी बदललेली, पावती नाही, दुकानदार म्हणतो माल बाहेरून आला होता. चार्जर एका पुतण्याचा, त्याच्या दुसऱ्या गाडीचा. तलाठ्याने पंचनामा केला आहे आणि कारणाच्या रकान्यात 'शॉर्ट सर्किट' एवढेच लिहिले आहे. कोणत्या सेलचे, कोणी बांधलेल्या पॅकचे, कोणत्या चार्जरवर, यांसाठी त्या नमुन्यात रकाना नाही.